आधी चाखा, मग सांगते

पहाटे पावणेपाच

डिसेंबरात अचलपूरची पहाट अंगाला झोंबते. सातपुडा पाठीशी आहे, वारा रात्रभर तिकडूनच खाली येतो. उठल्या उठल्या पहिलं काम फोन बघायचं. रात्री उशिरा कोणी 'सॉरी मॅडम, जमत नाहीये' असं टाकलेलं असतं, आणि तसं असलं की भाकऱ्यांचा हिशोब बदलतो. आज कोणी गळालं नाही. चौदा जण पक्के: नाशिकच्या एका सोसायटीतले सात निवृत्त लोक, अमरावतीच्या चौघी मैत्रिणी आणि अकोल्याचं एक जोडपं, त्यांच्या तिसरीतल्या मुलीसकट.

स्वयंपाकघरात सासूबाई माझ्या आधीच उठून बसलेल्या. कळण्याचं पीठ, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं, परातीत तयार.

"किती टाकू वो भाकरी?"

"चाळीस टाका, आई."

"चौदा माणसाले चाळीस? थे शहरातले लोक, दीड-दीड खातीन."

"घाट चढला की सगळे खातात."

त्यांना हा माझा धंदा अजून पूर्ण पटलेला नाही. लोक पैसे देऊन पडक्या भिंती पाहायला येतात आणि वर आपल्या घरची भाकर खातात, याचं त्यांना हसू येतं. मी पूर्वी कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायची. त्या तत्त्वात तासिका असतात, पगार मात्र अधूनमधून असतो. तेव्हापासून गावात कोणी पाहुणे आले की मला बोलावणं यायचं, 'ताई, जरा हौज कटोरा दाखवता का?' त्यातून ही सहल उभी राहिली: दिवसभर अचलपूर आणि चिखलदरा, इतिहास आणि चव.

चवीचं मात्र मी नाशिकला शिकले. गंगापूर धरणाजवळ सुलाच्या द्राक्षमळ्यात २००५ पासून वाइन चाखायची खोली आहे. तिथे आधी टाक्या आणि यंत्रं दाखवत फिरवतात, मग ओळीने ग्लास मांडतात. फिक्या वाइनपासून गडदकडे जायचं, आधी रंग बघायचा, ग्लास फिरवून वास घ्यायचा, मग घोट. मला वाइनपेक्षा ती शिस्त आवडली. गप्पा मारत असलेली माणसं ग्लास नाकाशी नेला की आपोआप गप्प होत होती. वर्गात मला ते कधी साधलं नव्हतं.

अचलपुरात द्राक्षं नाहीत. पण संत्री आहेत, कॉफी आहे, रबडी आहे, आणि इतिहास तर इतका की सांगणारा थकतो.

सव्वासहा

परतवाड्याच्या चौकात टेम्पो ट्रॅव्हलर उभी. अचलपूर आणि परतवाडा ही दोन गावं वाटतात, नगरपालिका मात्र एकच. परतवाडा म्हणजे जुनी छावणी, निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची. मेळघाटचं लाकूड इथे उतरायचं, अजूनही सागवानाचे ढीग दिसतात. अचलपूर त्याआधीचं, परकोटातलं. अमरावतीकर जेमतेम पन्नास किलोमीटरवरून आले, पण निम्मे अजून झोपेत.

टपरीवर चहा घेताना मी एकच नियम सांगते. "कुठेही पोचलो की पहिली दहा मिनिटं मी काही सांगणार नाही. तुम्ही बघायचं, हात लावायचा, अंदाज बांधायचा. मोबाइल खिशात. चाखायच्या वेळीही तसंच. आधी चाखा, मग सांगते."

नाशिकच्या एका काकांनी विचारलं, "आणि चुकलं तर?"

"गुण कापत नाही."

सात वाजता, हौज कटोरा

गावाच्या पश्चिमेला शेतांमधून रस्ता जातो. तुरीची रानं उभी आहेत, कपाशीची शेवटची वेचणी चाललीय. मग एकदम एका मोठ्या गोल खोलगट जागेच्या मध्यभागी तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते. सगळ्या बाजूंनी कमानी. कमानींतून पलीकडचं आकाश आरपार दिसतं. खोलगट भाग म्हणजे तळं, पण आता त्यात पाण्यापेक्षा गवत जास्त.

मी गाडीजवळ थांबते, ते खाली उतरतात. ही दहा मिनिटं मला दिवसातली सगळ्यात प्रिय. कोणाला काय दिसतं ते लांबून कळतं. निवृत्त मंडळी आधी फोटो काढतात, मग भिंत ठोकून पाहतात. अमरावतीच्या चौघी कमानीत बसतात. अकोल्याची पोरगी आज कोपरे मोजत एक फेरी मारून आली आणि ओरडली, "आठ! पण मी दोनदा मोजले."

मग माझा प्रश्न: हे कशासाठी बांधलं असेल?

"कैदखाना." हे उत्तर जवळजवळ प्रत्येक गटात येतं.

"पहाऱ्याचा बुरूज."

"पाण्याची टाकी."

"कैद्याला इतक्या कमानी कोण देईल?" असं मी विचारत नाही. दुसराच कोणी तरी विचारतो, आज अमरावतीच्या एका ताईंनी विचारलं. बुरुजावर पहारा ठेवायचा तर भोवती पाणी कशाला, हे नाशिकच्या काकांच्या लक्षात आलं. हळूहळू तेच तिथपर्यंत येतात: पाण्याच्या मधोमध, चारी बाजूंनी वारा खेळेल अशी बसायची जागा. बहामनी काळातलं बांधकाम, पाण्यात उभा केलेला गारवा. वऱ्हाडातल्या मे महिन्यात एक दुपार काढली असेल त्याला याचं मोल सांगावं लागत नाही.

यानंतर मी माझा आवाज बदलते. गटातल्या हुशार माणसांना हे दुपारपर्यंत कळतं. जे कागदावर किंवा दगडावर आहे ते एका आवाजात, आणि जे लोक सांगतात ते दुसऱ्या. "म्हणतात, याला आणखी मजले होते, एका नवाबाने ते उतरवून दगड आपल्या वाड्याला नेले." नवाब इथे होतेच, अठराव्या शतकात निजामाच्या हाताखाली एलिचपूरच्या, म्हणजे याच अचलपूरच्या, नवाबांचा दबदबा होता. दगड न्यायची पद्धतही होती. तरी मी 'म्हणतात' सोडत नाही.

पायऱ्यांवर संत्री सोलायला देते. आमच्याच बागेतली, आंबिया बहाराची शेवटची तोड. दोन टोपल्या, दोन्ही एकाच बागेतल्या. एका टोपलीतलं संत्रं गुळगुळीत, केशरी, बाजारात पहिलं उचललं जाईल असं. दुसरीतलं जरा हिरवट, साल ढिली. सगळ्यांनी दोन्हीची एक-एक फोड खाल्ली आणि चौदापैकी बहुतेकांनी हिरवटाला कौल दिला. रंग चढतो तो रात्रीच्या थंडीने, गोडी त्याआधीच आत आलेली असू शकते. बागवानाला हे माहीत असतं, गिऱ्हाइकाला पटत नाही, म्हणून व्यापारी रंगाला भाव देतो. माझा नवरा दरवर्षी यावरून एकदा तरी चिडतो.

"ही संत्री मूळची इथलीच का?" एकाने विचारलं.

म्हणतात, रघुजी भोसल्यांनी औरंगाबादेहून रोपं आणून नागपुरात लावली. या भोसल्यांची गाठ दुपारी पुन्हा पडणार आहे, एवढं सांगून मी थांबते.

पावणेनऊ, परकोटाच्या आत

दुल्हा दरवाजातून आत शिरताना गाडी बाहेर ठेवावी लागते. गल्ल्या अरुंद, हातगाड्या, शाळेची पोरं, बुरखा घातलेल्या बायांच्या रिक्षा. दरवाजाखाली एक जण संत्र्याची साल तोंडात ठेवून अजून चघळतोय.

या गावाची सुरुवात सांगणं अवघड काम आहे, कारण सुरुवाती दोन आहेत आणि दोन्हींना मानणारे आजूबाजूलाच राहतात. एक, राजा ईल, जैन राजा, त्याने १०५८ साली गाव वसवलं आणि त्याच्या नावावरून एलिचपूर झालं. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या कथेतही हाच राजा येतो. दुसरी, दुल्हा रहमान शाहची. गझनीच्या महमूदाचा भाचा, लग्नाच्या मांडवातून उठून निघाला, ईल राजाशी लढला आणि इथेच पडला. दर्गा त्याचा. ही लढाई सांगतात ती अकराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची. म्हणजे गाव वसवायच्या आधीच त्या राजाची लढाई होऊन गेली!

नाशिककर हसले. मी हसत नाही, कारण दर्ग्यापाशी बसलेले चाचा ऐकत असतात. महमूदाच्या स्वाऱ्यांच्या नोंदी भरपूर आहेत, त्यांत तो नर्मदा ओलांडून आला असं कुठे नाही, एवढं मी नोंदीच्या आवाजात सांगते. आणि लग्न अर्धं टाकून आलेल्या नवरदेवाला साऱ्या गावाने हजार वर्षं दुल्हा म्हणून सांभाळलं, हे दुसऱ्या आवाजात. चाचा मान डोलावतात. "मॅडम, दोनों सही बोले." मला तो शेरा कुठल्याही पदवीपेक्षा मोठा वाटतो.

खात्रीने सांगता येण्यासारखं म्हणजे १२९६. कडा-माणिकपूरहून अल्लाउद्दीन खिलजी काही हजार घोडेस्वार घेऊन निघाला, दिल्लीतल्या काकाला न सांगता. इतिहासकार फिरिश्ता लिहितो की तो एलिचपुरात दोन दिवस थांबला आणि 'काकाशी बिनसलंय, राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरीला चाललोय' अशी आवई उठवली. तिसऱ्या दिवशी घोडे देवगिरीकडे वळले. रामदेवराय यादवाची झोप उडाली ती त्यानंतर.

"म्हणजे यादवांचं राज्य बुडालं त्याची थाप इथे मारली गेली," अमरावतीच्या एका ताई म्हणाल्या. याहून चांगलं मला सांगता येणार नव्हतं. मी ते वाक्य पुढच्या गटासाठी उचलून ठेवलंय.

महानुभावांच्या अष्टमहासिद्धी मंदिराला आज वेळ नव्हता, नुसतं गाडीतून दाखवलं. चक्रधर स्वामींच्या लीळांत हे गाव येतं, पण ती वेगळी सहल आहे, रिद्धपूर जोडून. एकाच दिवशी सगळं कोंबलं की लोकांच्या डोक्यात खिचडी होते.

साडेदहा

नाश्ता गिलावड्याचा. हा अमरावतीचा, आमचा नव्हे, हे अमरावतीकरणींनी लगेच ठणकावलं. ठीक आहे, वडा कुठला का असेना, दही आणि चटणी आमची आहे.

शकुंतला रेल्वेच्या स्टेशनाला पंधरा मिनिटं देते. मूर्तिजापूर ते अचलपूर ही नॅरोगेज १९१३ साली सुरू झाली, ७६ किलोमीटर, किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थेखाली, वऱ्हाडचा कापूस बाहेर काढण्यासाठी. मँचेस्टरचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत हीच गाडी ओढत होतं. आता गाडी बंद, रूळ गवतात. नाशिकचे दोघे जण रेल्वेत होते, ते रुळावर उकिडवे बसले आणि उठायला तयार नव्हते. तिथे मी काही बोलत नाही, त्यांनाच बोलू देते. त्यांनी बाकीच्यांना फिशप्लेट म्हणजे काय ते सांगितलं.

साडेअकरा, घाट

धामणगाव गढी गेली की चढ सुरू. पहिल्या वळणाला गप्पा बंद होतात, तिसऱ्याला कोणाला तरी मळमळतं. आल्याच्या वड्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या दोन्ही सीटखाली असतात. आमचा ड्रायव्हर मुलखाचा अबोल, पण वळणावर आरशातून मागे बघत म्हणतो, "समोर पाहा न बाप्पा, खाली कायले पाह्यता?"

याच रस्त्यावर तो प्रश्न येतो. आज नाशिकच्या त्याच काकांनी हळूच पुढे येऊन विचारला. "मॅडम, तुम्ही चाखायचं म्हणता, तर मोहाची...?"

मोहाची नाही. मेळघाटात कोरकू घरात पूजेला, लग्नाला मोहाची दारू लागतेच, ते त्यांचं आहे. आपण गाडी भरून जायचं आणि कोणाच्या अंगणात बसून 'अस्सल' म्हणून प्यायचं, हे मला जमत नाही. शिवाय दारूबंदी कायदा १९४९ चा, आजही लागू. महाराष्ट्रात विकतची अधिकृत दारू प्यायलाही कागदोपत्री परवाना लागतो, हातभट्टीचं तर विचारूच नका, आणि गाडी माझ्या नावावर आहे. हे शेवटचं कारण काकांना सगळ्यात जास्त पटलं.

एक वाजता, गाविलगड

चिखलदऱ्याच्या पठाराला लागूनच किल्ला. हा भाग मेळघाटच्या जंगलातला, वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून आत. जंगली भागात गटाला एकत्र ठेवणं म्हणजे कसरत. निवृत्त लोक मागे राहतात, पोरगी पुढे पळते.

दरवाज्यापाशी पुन्हा दहा मिनिटं. "दगडात काय कोरलंय ते शोधा." पोरीने पहिल्यांदा हत्ती पाहिला. मग तिच्या बाबांनी पक्षी पाहिला. मग कोणी तरी म्हणालं, "अरे, याला दोन तोंडं आहेत!" गंडभेरुंड. दोन तोंडांचा पक्षी, हत्तींना पकडणारा. हा दक्षिणेतला, विजयनगरकडचा. तो बहामनी सुलतानांच्या वऱ्हाडातल्या किल्ल्यावर कसा?

इथे मी सावकाश जाते. फत्तेउल्ला इमादउल्मुल्क हा कर्नाटकातल्या हिंदू घरात जन्मला, विजयनगरच्या लढाईत लहानपणी पकडला गेला, बहामनी सरदाराच्या पदरी वाढला, मुसलमान झाला आणि वऱ्हाडचा सुभेदार झाला. १४८८ च्या सुमारास त्याने या किल्ल्याची डागडुजी केली. १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला आणि वऱ्हाडची इमादशाही सुरू झाली, राजधानी एलिचपूर. ती १५७४ पर्यंत टिकली, मग अहमदनगरच्या निजामशाहीने गिळली.

"म्हणजे त्याला घरची आठवण होती?" पोरीच्या आईने विचारलं.

पक्षी कोणी कोरायला सांगितला याचा कागद नाही. पक्षी मात्र आहे. मी एवढंच म्हणाले आणि त्या पक्ष्याकडे सगळे पुन्हा एकदा बघत राहिले. गाइड म्हणून इथे एक भावुक वाक्य टाकायचा मोह होतो. मागे एका गटाबरोबर आलेले दुसऱ्या गावचे गाइड याच जागी 'राजाच्या डोळ्यांत अश्रू' वगैरे सांगत होते, लोक भारावले होते. मला ते जमत नाही आणि जमवायचंही नाही.

पुढे भोसले येतात, संत्र्यांचे भोसले. १८०३, हाच डिसेंबर. २९ नोव्हेंबरला अकोल्याकडच्या आडगावला नागपूरकर भोसल्यांची फौज इंग्रजांपुढे मोडली, उरलेली गाविलगडात शिरली. किल्लेदार बेणीसिंग. आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून आला, कर्नल स्टीव्हनसनने तोफा डोंगरातून ओढत उत्तरेला आणल्या. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाच्या खिंडारातून इंग्रज आत शिरले, पण आतला तट उभाच होता. मग काही शिपायांनी शिडी लावून चढत आतला दरवाजा उघडला. बेणीसिंग लढताना पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड रघुजी भोसल्यांच्या हातून गेलं. बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच वेलस्ली.

नाशिकचे काका खिशात राहिलेल्या संत्र्याकडे बघून म्हणाले, "बिचाऱ्यांची संत्री राहिली, राज्य गेलं."

अडीच

जेवण. कळण्याची भाकर, ठेचा, वांग्याची भाजी, पातोडीची रस्सा भाजी, कांदा. सदतीस भाकऱ्या संपल्या. सासूबाईंना आकडा फोन करून कळवला, त्या गप्प राहिल्या. जेवणानंतर अंजनगाव सुर्जीचा विडा. तिकडच्या पानमळ्यांत वेलाच्या आडोशाने पानपिंपरीही पिकवतात. तिचे दोन मणी जिभेवर ठेवायला देते. तिखट लागायला जरा वेळ लागतो, आणि लागल्यावर सगळे पाणी शोधतात.

तासभर कोणाला काही सांगत नाही. पेंगू देते.

चार वाजता, कॉफी

चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरच्या वर. १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सन इथे पोचला आणि गोऱ्या साहेबांना उन्हाळ्याची सोय मिळाली. थंड हवा, पाऊस आणि सावली, म्हणून कॉफीही. मरियमपूरला मिशनऱ्यांनी वाढवलेली झुडपं आहेत, इतरही काही आवारांत थोडीथोडी. महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की चिखलदराच.

आम्ही ज्या घरी जातो त्यांच्या परसात मोजकी झुडपं आहेत. मोठ्या झाडांची सावली, खाली काळसर हिरवी चकचकीत पानं आणि फांदीला चिकटून लाल फळं. या दिवसांत ती पिकतात. मी एकेकाला एक फळ तोडायला सांगते, पूर्ण लाल. "चावा."

सगळ्यांना वाटतं कडू लागणार. लागतं गोड. पातळ, गुळचट गर, आत बुळबुळीत दोन बिया एकमेकींना चपट्या बाजूने चिकटलेल्या. पोरीच्या फळात एकच गोल बी निघाली. असं क्वचित होतं, तिचं नाव पीबेरी. ती तिने खिशात घातली.

मग त्या घरच्या वहिनी दाखवतात. गर काढलेल्या बिया एक-दोन दिवस पाण्यात आंबवायच्या, धुवायच्या, गच्चीवर वाळवायच्या. वाळल्यावर वरचं पिवळट टरफल हाताने चुरगाळून पाखडायचं. राहते ती हिरवट, बिनवासाची बी. तिला कॉफीचा वास नसतो, हे सांगून पटत नाही, प्रत्येकाने हुंगून पाहिलं. वास भाजल्यावर. लोखंडी कढईत वहिनी हलवत राहतात, बी पिवळी पडते, गवताचा वास येतो, मग भाकरीचा, मग तपकिरी झाली की चट्-चट् फुटायला लागते. तो आवाज आला की गप्पा बंद. पहिल्या फुटण्यानंतर किती थांबायचं यावर सगळं आहे, फार थांबलात तर कोळसा.

आता नाशिकची शिस्त. ओट्यावर तीन थर्मास, एक, दोन, तीन अशा चिठ्ठ्या. एकात हीच कॉफी, एकात कूर्गची, एकात बाजारात मिळणारी चिकोरी घातलेली. कुठल्यात काय ते मला आणि वहिनींनाच माहीत. छोटे कप, साखर नाही, दूध नाही. अमरावतीच्या एका ताईंनी तोंड वाकडं केलं, पण घेतला.

चमच्याने भुरका मारायचा, आवाज करून. हे शिकवायला वेळ लागतो, आयुष्यभर आपण आवाज न करायला शिकलेलो असतो. भुरक्याबरोबर हवा जाते आणि वास नाकापर्यंत चढतो.

मग शब्द. वाइनच्या खोलीत चेरी, व्हॅनिला, ओक असे शब्द भिंतीवर लिहिलेले असतात, आणि लोक तेच म्हणतात. ओकचं झाड आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय? मी म्हणते, तुमच्या स्वयंपाकघरातला वास सांगा. आज आलेले शब्द: भाजलेला हरभरा. सुंठ. जळका गूळ. ताकाचा आंबूसपणा. "आमच्या आजोबांची पानाची चंची," असं रेल्वेतल्या एकांनी सांगितलं आणि दुसऱ्याने लगेच मान हलवली. पोरीने फक्त वास घेतला आणि म्हणाली, "पावसात भिजलेलं दप्तर." कुठलाही चाखणारा हे लिहिणार नाही, पण मी वहीत लिहून घेतलं.

सगळ्यात चांगली कुठली? चौदातल्या नऊ जणांनी हात वर केले: तीन नंबर. "हीच अस्सल, कडक, रंग बघा." काकांनी तर खात्रीने सांगितलं, "डोंगरातली कॉफी अशीच असणार."

तीन नंबर चिकोरीची. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, स्वस्त, रंग काळाकुट्ट देतं आणि कडूपणा वाढवतं. आपल्या पिढीने कॉफी म्हणून प्यायली ती हीच. चिखलदऱ्याची दोन नंबर, फिकी आणि आंबूस, तिला एकच मत पडलं होतं. ते ड्रायव्हरचं. तो नेहमी बाहेर थांबतो, आज वहिनींनी त्यालाही बोलावलं होतं.

काकांचा चेहरा पडला. मग त्यांनी पुन्हा दोन नंबरचा कप घेतला आणि या वेळी डोळे मिटून. पाच मिनिटांनी म्हणाले, "जेवढी निवते तेवढी बोलते." बरोबर आहे. गरम असताना जीभ अर्धी बहिरी असते.

साडेपाच

रबडी. चिखलदऱ्याला गवळ्यांची वस्ती जुनी, म्हशीचं दूध भरपूर, खवा आणि रबडी खाली परतवाड्यापर्यंत जाते. रबडीला काही शिकवायचं नसतं, ती खायची.

त्याबरोबर मी एक पुडी उघडते, वाळवलेली मोहाची फुलं. गेल्या चैत्रात वेचलेली. कोरकू घरची माणसं पहाटे झाडाखाली जातात, रात्रीतून पडलेली फुलं पोरंबाळं सगळी मिळून वेचतात, अंगणात वाळवतात. बेदाण्यापेक्षा गोड, वर एक उग्र वास. काकांनी तीन खाल्ली. "आता कळलं," ते म्हणाले. काय कळलं ते मी विचारलं नाही.

रात्री आठ

घाट उतरून परत. अंधारात घाटात रस्त्यावर कधी गवा उभा असतो, म्हणून ड्रायव्हर सावकाश. गाडीत शकुंतलेवर चर्चा, गाडी पुन्हा सुरू व्हावी की नको. नाशिककर सुरू व्हावी म्हणाले, अमरावतीकरणी म्हणाल्या, आमच्या पिढीने त्यातून प्रवास केलाय, तुम्ही एकदा करून बघा मग बोला. परतवाड्याच्या चौकात सगळे उतरले. एका ताईंनी विचारलं की बहिरमच्या यात्रेला नेता का. हंडीतलं मटण आणि रोडगे, यात्रा आता सुरूच होतेय. मी म्हटलं, तिथे मी नेणार नाही, तिथे तुम्ही घरचे घेऊन या. मटणाच्या हंडीपुढे माझं 'दहा मिनिटं गप्प बसा' कोण ऐकणार?

साडेनऊ

डिझेल, नाक्याची फी, वहिनींचे, भाकरीला हात लावणाऱ्या शेजारच्या काकूंचे, ड्रायव्हरचे. उरतात ते माझे. डिसेंबर-जानेवारीत बरे उरतात, मे महिन्यात चिखलदरा भरलेलं असतं पण अचलपुरात दुपारी कोणी पाऊल ठेवत नाही, तेव्हा फक्त डोंगरावरच्या सहली. पावसाळ्यात घाटात धुकं, पर्यटकांची झुंबड आणि रांगाच रांगा. तेव्हा मी परीक्षेचे पेपर तपासते.

फोन वाजला. उद्याचा गट, एका शाळेच्या शिक्षकांचा, प्रमुख सर बोलत होते.

"मॅडम, वेळ कमी आहे. कॉफीचं काढून टाका, नुसतं ऐतिहासिक ठेवा. आणि ते दुल्हाचं-राजाचं जरा ठोस सांगा, कोणती गोष्ट खरी ते. मुलांना सांगावं लागतं आम्हाला."

"सर, ठोस सांगायचं तर १२९६ पासून सांगते. त्याआधीचं दोन्ही सांगते."

"दोन्ही कसं चालेल?"

"चालतं. आणि कॉफी काढत नाही, हवं तर शकुंतला काढते."

सर थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "शकुंतला राहू द्या हो. आमचे निम्मे शिक्षक तिच्यातूनच शिकायला जात होते. कॉफीला किती वेळ?"

"पाऊण तास."

"बरं. मग साडेसहाच्या ऐवजी सहाला निघू."

सासूबाईंनी आतून विचारलं, "उद्या किती?"

"बावीस. पण शिक्षक आहेत, साठ टाका."